अण्णा, तुमची लाकडावरची गाडी

अण्णा,

तेरावं होऊन पाच दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी परतले, शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी पातेली परत गेली. घरात आता मी आणि अभय, आणि मागच्या अंगणात तुमची गाडी. तिच्यावर ताडपत्री घालायची का, असं अभयनं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "राहू दे" म्हटलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राहू दे ना, काय फरक पडतो. लोखंडाला थंडी थोडीच वाजून राहिली आहे."

या "वाजून राहिली"ला मी सुरुवातीची काही वर्षं हसायची. सांगलीहून अभयशी लग्न होऊन उज्जैनला आले, तेव्हा माझे सासरे मराठी बोलतात की हिंदी, हेच मला धड कळायचं नाही. "भाजी बनून गेली का?" "मी निघून राहिलोय." एकदा मी तुम्हाला दुरुस्त करायला गेले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमची मराठी तीन पिढ्या शिप्रेचं पाणी पिऊन राहिली आहे, मेधा. तिला तशीच राहू दे." तेराव्याला सांगलीहून आलेली माझी बहीण मला म्हणाली, "ताई, तू काय बोलतेस गं हे, 'चहा बनून गेला' म्हणून?"

भेटायला आलेले सगळे तुमच्या रेल्वेतल्या नोकरीबद्दल बोलले. शांत माणूस, वेळेचा पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते सगळं खरंच आहे. गाडीबद्दल फक्त समोरच्या शर्माजींनी विचारलं, "भाभीजी, वो भट्टी वाली गाड़ी का अब क्या करोगे?" मी म्हटलं, ठरवलं नाही. ते गेल्यावर मला वाटलं, तुम्हाला लिहावं. तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे दोन वर्षं पडून आहे आणि आता ती ऐकायला तुम्ही नाही. तरी सांगते. पण ती गाडीवाचून सांगता येणार नाही.

आई गेल्या तेव्हापासून ती जुनी अ‍ॅम्बेसेडर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी होती. बॅटरी काढलेली, चाकांतली हवा गेलेली. मग एका दुपारी तुम्ही माझ्यापुढे मोबाइल धरलात. कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा जंगलातून गाडी चालवत होता आणि गाडीच्या पाठीवर एक भलंमोठं पिंप होतं. पिंपात तो लाकडं टाकत होता. तुम्ही तो व्हिडिओ मला तीनदा दाखवलात.

"तू केमिस्ट्रीवाली. हे खरं आहे का?"

माझ्या हातात नववीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका होत्या. त्यातल्या एकीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तुम्हाला आकृती काढून दिली. लाकूड पुरतं जळू द्यायचं नाही. हवा मोजकीच द्यायची. खाली कोळसा लालभडक झाला की धूर त्याच्यातून ओढून घ्यायचा. त्या तापलेल्या कोळशातून जाताना धुराचा ज्वलनशील वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. तो थंड करायचा, गाळायचा आणि पेट्रोलऐवजी इंजिनाला द्यायचा.

तुम्ही बराच वेळ कागदाकडे बघत होतात. मग म्हणालात, "म्हणजे चूल डिकीत आणि फुंकर इंजिनाची."

इतकं नेमकं माझ्या वर्गात आजवर कुणी बोललेलं नाही. त्याच कागदावर खाली मी तीन शब्द लिहिले, जे मी माधव नगरच्या शाळेत दर वर्षी फळ्यावर लिहिते. रंगहीन, गंधहीन, विषारी. तिन्हींखाली रेघ मारली. तुम्ही कागदाची घडी करून खिशात ठेवलीत आणि मला वाटलं, माझं काम झालं.

"पण कशासाठी हे सगळं, अण्णा?" मी विचारलं होतं. दोन-तीन दिवसांनी शेंगा सोलता सोलता म्हणालात, "रेल्वेत लागलो तेव्हा पहिली नोकरी आगीची. फावडं मारायचं, आग बघायची, रंगावरून ओळखायची. मग डिझेल आलं. डिझेलची आग आतमध्ये, दिसतच नाही. किती वर्षं झाली, हातात आग नाही."

मग काय, आपलं घर कारखाना झालं. तेलाचं पिंप आलं, जुन्या बंबाची टाकी आली, एका ट्रकचा रेडिएटर आला. नानाखेड्याचा वेल्डिंगवाला दिवसाआड येऊन जाऊ लागला. गाळणीत गव्हाचा भुसा भरला, आणि तो माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर उडाला. लाकूड कापणाऱ्या आरामशीनवरून बाभळीचे तुकडे पोत्यात भरून आले. गाडीच्या डिकीचं झाकण काढून तिथे ती भट्टी बसवलीत. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा त्या वायूवर चाललं, तेव्हा ते आधी खोकलं, मग थांबलं, मग पुन्हा खोकलं आणि एकदम सरळ चालू झालं. सगळी कॉलनी बाहेर आली. तुम्ही बागेला दोन फेऱ्या मारल्यात, सायकलच्या वेगानं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ.

अभय बघायला आला नाही. तो आतल्या खोलीत बँकेचं काम करत बसला होता. तुम्हा दोघांचं तेव्हा असंच होतं. तो लहान असताना तुम्ही ड्यूटीवरून यायचात तेव्हा तो झोपलेला, आणि तो शाळेला निघायचा तेव्हा तुम्ही. पुढे दोघं जागे राहिलात, पण बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ऊन किती आहे, वीज कधी गेली, पेपर आला का. मी या घरात आल्यावर तुम्ही जे काही बोललात ते माझ्याशी बोललात, आणि त्याचा मला आतून थोडा अभिमान होता. हेही कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीतल्या दुपारी शाळा अर्ध्या दिवसात सुटली म्हणून मी लवकर आले. वारा फार होता. भट्टी पेटवताना वाऱ्यानं ज्योत विझत होती, म्हणून तुम्ही शेडचं शटर खाली ओढून घेतलं होतंत. मी मागे आले तर शटरच्या आतून भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता आणि मी हाक मारली तर उत्तर आलं नाही. शटर वर केलं. तुम्ही स्टुलावर बसला होतात, भिंतीला डोकं टेकून. चेहरा लाल. माझ्याकडे बघून तुम्ही काहीतरी बोललात, ते मला कळलं नाही, कारण शब्द एकमेकांत अडकत होते. मी तुम्हाला काखेत धरून बाहेर ओढलं. तुमची एक चप्पल आतच राहिली. शर्माजी धावत आले, त्यांच्या गाडीतून हॉस्पिटल.

तुम्हाला ऑक्सिजन लावला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला फक्त तो कागद दिसत होता. तिन्ही शब्दांखाली मी रेघ मारली होती. रेघ मारून गप्प बसले होते. रोज त्या शेडवरून जात होते, शटर आहे हे बघत होते, आणि शटर काढून टाका असं एकदाही म्हटलं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलीनं इतका निष्काळजीपणा केला असता तर मी तिला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी घरी आले, अंघोळ केली, आणि भंगार घेणाऱ्या अटालेवाल्याला बोलावून घेतलं.

अण्णा, हे मी केलं. मी एकटीनं. त्याच्याबरोबर दोन माणसं होती, त्यांनी डिकीतनं भट्टी उचकटली, रेडिएटर, नळ्या, गाळणी, सगळं हातगाडीवर टाकलं. मी दारात उभी राहून बघत होते. मला भीती वाटत होती, हे खरं. पण रागही होता. तुम्ही मला न विचारता शटर ओढलंत याचा राग. मला ते सगळं नजरेआड करायचं होतं. संध्याकाळी अभय हॉस्पिटलमधून आला, रिकामी डिकी बघितली आणि मी सांगितलं तेव्हा फक्त "बरं" म्हणाला.

सहाव्या दिवशी तुम्ही घरी आलात. चहा घ्या म्हटलं तरी थांबला नाहीत, तसेच मागे गेलात. मी तुमच्या मागे, अभय तुमची पिशवी घेऊन माझ्या मागे. तुम्ही डिकीपाशी उभे राहिलात. रिकाम्या जागेवर हात फिरवलात.

"भट्टी कुठे गेली?"

मी तोंड उघडलं होतं, अण्णा. खरंच उघडलं होतं. पण माझ्या मागून आवाज आला, "मी दिली अटाल्यात."

तुम्ही वळलात. माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलंत. आणि मग, या घरात मी कधी ऐकला नव्हता तो तुमचा आवाज मी ऐकला.

"तू दिलीस? तू कधी हात लावलास तिला? एकदा तरी बघायला आलास बाहेर?"

"तुम्ही कधी बोलावलंत?"

"बोलवायला पाहिजे होतं? हे घर नाही तुझं?"

"माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही कुठे होतात, अण्णा?"

"रतलामला होतो. गाडी घेऊन गेलो होतो. कुणासाठी गेलो होतो?"

"मग मला कसं कळणार तुमच्या भट्टीचं!"

मी तुमच्या दोघांच्या मधे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, चार शब्दांचं. ते बोलले नाही. मी आत जाऊन दूध तापवत ठेवलं.

ते भांडण आठवडाभर चाललं. सकाळी नाश्त्याला सुरू व्हायचं आणि अभय बँकेत निघाला की थांबायचं. मग तुम्ही बोलणंच बंद केलंत. दीड महिना. माझ्याशी मात्र नेहमीसारखे वागलात, उलट जरा जास्तच मायेनं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी अभयला म्हटलं, मी सांगून टाकते. तो म्हणाला, "राहू दे. आता सांगितलंस तर ते तुझ्याशीही बोलणार नाहीत. मग घरात बोलायचं कुणी?" मला त्याचं पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. तुमच्या नजरेत मी जी होते ती मला राहायचं होतं. यापेक्षा मोठं कारण काही नव्हतं.

एप्रिलमध्ये मीच म्हटलं, "अण्णा, पुन्हा करू या."

तुम्ही पेपर खाली केलात. "अभय पुन्हा देऊन टाकेल."

"नाही देणार."

"तुला काय माहीत?"

मला माहीत नसेल तर कुणाला असणार होतं!

मी अटी घातल्या. शेड पाडायची, पत्रा आणि शटर दोन्ही जाणार, गाडी उघड्या अंगणात राहील. विषारी वायू मोजून ठणाणा करणारा एक अलार्म येईल आणि तो गाडीजवळ लावलेला असेल. एकट्यानं कधीही पेटवायची नाही. तुम्ही सगळं कबूल केलंत आणि तुमची एकच अट घातलीत, "मग एकट्यानं नाही म्हणतेस तर दुसरी तू. शिकावं लागेल. पुस्तकातलं नाही, हातातलं."

शेड पाडली त्या दिवशी अंगणात किती ऊन आलं, आठवतं?

त्या उन्हाळ्यानं मला जे दिलं ते मी कुणाला सांगत बसले नाही. बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे, पण आग कधी बघितली नव्हती. तुम्ही मला भट्टीच्या छिद्रातून आत बघायला शिकवलंत. गडद लाल म्हणजे अजून नाही. नारिंगी झाली की ये म्हणते आहे. पिवळसर पांढरी म्हणजे जास्त हवा खाऊन राहिली आहे. पंखा लावून वायू आधी नळीच्या तोंडाशी पेटवून बघायचा, तो सलग जळला तरच इंजिनाला द्यायचा. एकदा मी घाईत आंब्याच्या ओल्या फळकुटांचं अर्धं पोतं आत रिकामं केलं. डांबरासारखा चिकट थर सगळ्या नळ्यांत बसला आणि इंजिनाच्या झडपा अडकल्या. चार दिवस तुम्ही इंजिन खोलून बसलात. मला एक शब्द बोलला नाहीत. रॉकेलची वाटी आणि ब्रश माझ्या हातात दिलात, बस्स.

त्यावरूनच आपला तो वाद सुरू झाला. मी म्हणायची, लाकूड वजन करून घ्यायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा वजन करायचं, म्हणजे ओल किती ते कळतं. तुम्ही म्हणायचात, दोन तुकडे एकमेकांवर मारायचे आणि ऐकायचं. ओलं लाकूड धप्प वाजतं, सुकं टणकन. मी शाळेतला जुना तराजू आणला. तुम्ही डोळे मिटून तुकडे वाजवत बसायचात आणि मी वजन करून तपासायची. दहांतल्या आठ वेळा तुमचं बरोबर यायचं. "आठ!" तुम्ही म्हणायचात. "दोन चुकले," मी म्हणायची. हा वाद मिटलेला नाही, अण्णा. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं नाही.

आणि मग नोव्हेंबरातला तो आगरचा प्रवास. आगरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या इंजिनावर तुमचे वडील होते. ती रेल्वे बंद होऊन रूळ उचलले, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. त्या वाटेनं एकदा जायचं, लाकडावर, ही तुमची इच्छा. सकाळी सातला निघालो. मागच्या सीटवर बाभळीची पाच पोती. अभय दाराशी आला आणि त्यानं पाण्याचा कॅन आत ठेवला. तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "रेडिएटरला कामी येईल." तो म्हणाला, "म्हणूनच दिला." गेल्या कित्येक महिन्यांतलं तुमचं ते सगळ्यात लांब संभाषण होतं.

आगर नाक्यावर ट्रॅफिकच्या हवालदारानं हात केला. गाडीला एक फेरी मारली, डिकीपाशी वाकला आणि चटकन मागे झाला.

"बाबूजी, ये क्या है? इसमें खाना बन रहा है क्या?"

"खाना नहीं, गैस बन रही है. लकड़ी से."

"पेट्रोल नहीं है?"

"एक बूंद नहीं."

त्यानं टोपी मागे सारली. "अब चालान काटूं तो किस बात का काटूं? धीरे जाना. और माताजी, आप इनको रोकते नहीं?"

"मैं तो इनकी फायरमैन हूँ," मी म्हटलं. तुम्ही जे हसलात ते पार गावाबाहेर पडेपर्यंत हसत होतात.

तीस-पस्तीसच्या वर वेग जात नव्हता. ट्रॅक्टर आपल्याला मागे टाकून जात होते आणि तुम्ही त्यांना हात करत होतात. दोन्ही बाजूंना गव्हाची पेरणी चालली होती. घट्टियाला चहाच्या टपरीपाशी थांबलो. तुम्ही इंजिन हळू चालू ठेवून त्याच्याशी कान लावून उभे होतात. आसपास कुणी नव्हतं. मी ठरवलं, आत्ता.

"अण्णा, एक सांगायचं होतं. ती पहिली भट्टी..."

तुम्ही एक बोट वर केलंत. "थांब. ऐक."

इंजिनाचा आवाज मधेच खाली बसत होता.

"जाळीत राख अडकून राहिली आहे," तुम्ही म्हणालात. मग जाळी हलवली, राख काढली, तोवर टपरीवाला आला, दोन शेतकरी आले, तुम्ही त्यांना चूल आणि फुंकर समजावू लागलात आणि तो क्षण गेला.

गेल्या अठरा दिवसांत मी ते बोट कितीदा आठवलं असेल. तुम्ही इंजिन ऐकत होतात, की मला थांबवत होतात? तुम्हाला आधीच माहीत होतं का? अटालेवाला तर आपल्या गल्लीतून रोज जायचा, आणि तुम्ही फाटकापाशी रोज बसायचात. एक प्रश्न विचारला असतात तर त्यानं सांगितलं असतं. पण तुम्हाला माहीत असतं तर अभयवरचा राग तुम्ही इतके दिवस धरला असता का? दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. उत्तर येत नाही, आणि आता येणारही नाही.

घट्टियाच्या पुढे गाळणी तुंबली, जोर कमी झाला आणि आपण वळलो. मला वाईट वाटलं, तुम्हाला नाही. परतताना तुम्ही सांगितलंत, की वडिलांनी तुम्हाला एकदाच इंजिनावर घेतलं होतं. चढ आला की ते इंजिनाशी बोलायचे, चल माझी बाई, चल. घरी मात्र मोजकंच बोलायचे. "माझंही तसंच झालं बहुतेक," तुम्ही म्हणालात. घरी आल्यावर फाटक अभयनं उघडलं. तुम्ही खाली उतरून त्याला म्हणालात, "पाणी कामी आलं." त्यानं मान डोलावली.

एका साध्या शुक्रवारी सकाळी, अर्धा पेपर वाचून, चहा संपवून तुम्ही गेलात. कप कलंडला नव्हता, सांडलं काही नव्हतं. मी हाक मारली तेव्हा तुमचा चष्मा डोळ्यांवर तसाच होता. तुम्हाला त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. राम घाटावर अभयनं सगळं केलं. गुरुजी सांगतील तसं, एकदाही न चुकता. रडला नाही. तेराव्यापर्यंत नाही, त्यानंतरही नाही.

परवा मी त्याला म्हटलं, मी अण्णांना सगळं लिहिणार आहे, भट्टी मी दिली हे. तुझ्यावरचा आळ मी दोन वर्षं तुझ्या अंगावर राहू दिला, त्याची माफी आधी तुझ्याकडे मागते.

तो खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "माफी कशाची? मला वाईट नव्हतं वाटलं."

"दीड महिना बोलले नाहीत तुझ्याशी!"

"त्याच्या आधी आठ दिवस बोलले ना," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, मेधा. रतलामला होतो म्हणाले. मला माहीत नव्हतं ते कुठे होते. मला वाटायचं, त्यांना निकालाची तारीखच आठवत नसेल. ते भांडत होते आणि मी बँकेत जाऊन दिवसभर विचार करायचो, उद्या काय म्हणतील, मी काय म्हणेन. ते आठ दिवस मी कुणाला दिले नसते."

माझ्या गप्प बसण्यानं त्याचं काय गेलं, एवढंच मी दोन वर्षं धरून बसले होते. त्यातून त्याला काही मिळालं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. म्हणून मी निर्दोष ठरते असं नाही. अण्णा, मी तुमच्याशी खोटं वागले ते वागलेच. पण हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुमचं ते ओरडणं वाया गेलं नाही.

काल रविवार. अभय सकाळी मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर तो गाडीभोवती फिरत होता. मला म्हणाला, "पेटवायची कशी?"

मी आधी अलार्म लावला. मग त्याला जाळी साफ करायला सांगितली, खाली कोळशाचा थर द्यायला सांगितला, वर बाभळीचे तुकडे. पंखा लावला. नळीच्या तोंडाशी काडी नेली आणि वायू पेटला. भर उन्हात ती ज्योत जवळजवळ दिसतच नाही. मी तिच्यामागे माझ्या काळ्या पदराचा आडोसा धरला, तेव्हा त्याला दिसली. फिकट, निळसर. तो वाकून बघत राहिला. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात लागलं. त्याला गाडीत बसवलं, फाटकापर्यंत नेऊन परत आणायला लावली. क्लच त्याला जमत नव्हता, गाडी दोनदा गचकली.

मग लाकडं कमी झाली का हे बघायला तो उतरला आणि भट्टीचं झाकण थेट वरून उचलायला गेला. तोंड अगदी वर.

मी इतक्या जोरात ओरडले की शर्माजी गच्चीवर आले. "पीछे हो! तोंड मागे! आत आग आहे, वर येऊन तुझं थोबाड भाजेल, समजून राहिलं आहे का तुला?"

अभयनं झाकण सोडलं. दोन पावलं मागे झाला. माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. गाडीच्या दारावर हात ठेवून तो रडायला लागला. अठरा दिवसांत पहिल्यांदा. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण त्याला थांबवलं नाही.

इंजिन चालू होतं. थोड्या वेळानं लाकडं संपत आली तसं ते हळू झालं, मग आपोआप बंद पडलं. आम्ही दोन खुर्च्या अंगणात आणल्या आणि भट्टी थंड होईपर्यंत बसून राहिलो. तो तुमच्याबद्दल विचारत होता आणि मी सांगत होते.